तिसऱ्या मोसमाचा संघ : वाचकांचे प्रश्न

अमेरिकेतील कॉलेज फुटबॉलवर आधारलेल्या व्हिडिओ गेमविषयी गेल्या काही महिन्यांत आलेली पत्रे एकत्र ठेवून वाचली, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. चेंडू कसा फेकावा किंवा बचाव कसा रचावा, हे फारसे कोणी विचारलेले नाही. बहुतेकांची अडचण मैदानाबाहेरची, म्हणजे खेळाडूंच्या भरतीची आणि राखीव फळीची आहे. म्हणून या वेळचे संपूर्ण सदर त्याच विषयाला दिले आहे. ज्यांनी हा गेम पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ‘ईए स्पोर्ट्स कॉलेज फुटबॉल २५’ हा गेम १९ जुलै २०२४ रोजी, मालिकेतील आधीच्या गेमनंतर अकरा वर्षांनी, बाजारात आला. त्यातील ‘डायनेस्टी’ या प्रकारात आपण १३४ विद्यापीठांपैकी एकाच्या संघाचे प्रशिक्षक होतो आणि जास्तीत जास्त ३० मोसम काम पाहतो. चार-पाच वर्षांत प्रत्येक खेळाडू विद्यापीठ सोडून जातो, त्यामुळे हायस्कूलमधून बाहेर पडणाऱ्या नव्या मुलांना दरवर्षी आपल्याकडे वळवावे लागते. या भरतीवरच संघाचे भवितव्य ठरते.

प्रश्न : मी न्यू जर्सीतील एडिसन येथे राहतो आणि घराजवळचे म्हणून रटगर्स विद्यापीठ निवडले आहे. पहिल्या मोसमात पाच तारे (म्हणजे सर्वोच्च दर्जा) असलेल्या सहा खेळाडूंच्या मागे लागलो. त्यांपैकी एकही आला नाही आणि शेवटी एकूण नऊच जणांनी होकार दिला. रटगर्ससारख्या संघाने वरच्या दर्जाच्या खेळाडूंचा नाद सोडून द्यावा काय?

उत्तर : नाद सोडू नका, पण सहा जणांचा एकदम धरू नका. रटगर्सची परंपरा मोठी आहे. विद्यापीठांमधला पहिला फुटबॉल सामना म्हणून जो ओळखला जातो, तो ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू ब्रन्सविक येथे रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झाला आणि रटगर्सने तो ६-४ असा जिंकला. परंतु गेममधला सतरा-अठरा वर्षांचा मुलगा निर्णय घेताना आजची गुणपत्रिका पाहतो. प्रत्येक विद्यापीठाला चौदा बाबींमध्ये श्रेणी दिलेली असते. अभ्यासाचा दर्जा, सोयीसुविधा, विजेतेपदाची शक्यता, प्रशिक्षकाचे नाव आणि त्याचे स्थैर्य, मैदानावर मिळणारा वेळ, खेळण्याची शैली, घरापासूनचे अंतर, व्यावसायिक संघांपर्यंत पोहोचण्याची संधी अशा या बाबी आहेत. प्रत्येक मुलाला त्यांतल्या काहीच महत्त्वाच्या वाटतात. रटगर्स २०१४ पासून ‘बिग टेन’ या परिषदेत, म्हणजे आपसांत सामने खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटात, असल्याने परिषदेच्या प्रतिष्ठेचा लाभ आपल्याला मिळतो. मात्र त्याच परिषदेत ओहायो स्टेट, मिशिगन आणि पेन स्टेट हेही आहेत, आणि पाच ताऱ्यांच्या मुलाच्या यादीत आपल्या नावाच्या वर बहुधा त्यांचीच नावे असतात.

आता आपली नेमकी चूक कोठे झाली ते पाहू. भरतीचे चलन तास हे आहे. यादीत एका वेळी ३५ मुले ठेवता येतात आणि एका मुलावर आठवड्याला साधारणपणे ५० तासांपेक्षा अधिक खर्च करता येत नाहीत. समाजमाध्यमांवर त्याचा मागोवा घेण्यास ५ तास लागतात, त्याला थेट संदेश पाठवण्यास १०, कुटुंबीयांशी व मित्रांशी बोलण्यास २५, आणि सारी शक्ती एकाच मुलामागे लावायची तर ५०. सहा जणांवर प्रत्येकी ५० म्हटले की ३०० तास संपले. मधल्या फळीतल्या संघाला आठवड्याला जे तास मिळतात, त्यांत उरलेल्या एकोणतीस जणांसाठी मग पाच-पाच तासांची तरतूदच शिल्लक राहते. एक ना धड, भाराभर चिंध्या अशी ही अवस्था होते. ज्यांच्यावर भरपूर खर्च केला ते मोठ्या विद्यापीठांकडे जातात, आणि जे सहज आले असते त्यांना दुसऱ्या कोणी तरी आधी गाठलेले असते.

माझी पद्धत अशी आहे. कोणालाही यादीत घेण्यापूर्वी मी तीन गोष्टी पाहतो. त्याच्या पसंतीक्रमात आपले विद्यापीठ आधीच वर आहे काय, तो आपल्या ‘पाइपलाइन’मधला, म्हणजे आपला ज्या प्रदेशाशी जुना संबंध आहे त्या प्रदेशातला आहे काय, आणि त्याची निर्णायक अट आपण पूर्ण करतो काय. गेममध्ये त्या अटीला ‘डीलब्रेकर’ म्हणतात, आणि ती पूर्ण होत नसेल तर बाकी सारे गुण असूनही उपयोग नाही. या तिन्ही कसोट्यांना उतरणारे तीन ताऱ्यांचे मूल मला चार ताऱ्यांच्या परक्या मुलापेक्षा अधिक मोलाचे वाटते. त्याच्यावर दहा तास खर्चून स्काउटिंग, म्हणजे त्याच्या गुणांची पारख, करावी. नावाशेजारी हिरवे रत्न दिसले, तर तो आपल्या ताऱ्यांपेक्षा सरस आहे असे समजावे. लाल खूण दिसली, तर कितीही तारे असले तरी त्याला यादीतून काढावे. न्यू जर्सी आणि आसपासच्या भागात अशी रत्ने शोधण्यात आपले पहिले दोन आठवडे गेले, तर ते वाया गेले असे मानू नका.

पाच ताऱ्यांचा एक मुलगा अवश्य धरावा, पण एकच. त्याला कोणत्या तीन गोष्टी सर्वाधिक प्रिय आहेत हे संदेश आणि कुटुंबीयांशी बोलणे यांतून उलगडले आणि त्या तिन्हींत रटगर्सच्या श्रेणी चांगल्या असल्या, तर पुढच्या टप्प्यात ४० तासांची ‘हार्ड सेल’, म्हणजे त्याच तीन मुद्द्यांवर घातलेली गळ, ही ५० तासांच्या सरसकट प्रयत्नापेक्षा अधिक परिणाम करते. मुद्दे जुळत नसतील, तर त्याच क्षणी हात आखडता घ्यावा.

नऊच जण आले याची खरी किंमत यंदा कळणार नाही. गेममध्ये संघात ८५ जणच ठेवता येतात; ते चार वर्षांत विभागले, तर दरवर्षी एकवीस-बावीस नवे खेळाडू यावे लागतात. या वर्षी पडलेले बारा जणांचे भगदाड पुढल्या वर्षी दुसऱ्या वर्गात, त्यानंतर तिसऱ्या वर्गात सरकत राहील, आणि ज्या मोसमात हे खेळाडू संघाचा कणा व्हायला हवे होते, नेमके त्या मोसमात ते उघडे पडेल. म्हणून मी नेहमी सांगतो की भरती करताना यंदाच्या संघाकडे पाहू नये; तिसऱ्या मोसमात मैदानावर कोण उभे राहणार आहे, ते पाहावे.

प्रश्न : आम्ही डॅलसला राहतो. माझा मुलगा हा गेम खेळताना आपल्या सर्वांत आवडत्या नव्या खेळाडूला ‘रेडशर्ट’ करतो आणि वर्षभर बसवून ठेवतो. मला हे एखाद्या शिक्षेसारखे वाटते. याचा उद्देश काय?

उत्तर : ताई, ही शिक्षा नाही. कॉलेजमधील खेळाडूला खेळण्यासाठी चार मोसम मिळतात. एखादा मोसम न खेळता केवळ सरावात घालवला, तर तो त्या चारांत धरला जात नाही आणि खेळाडू पाचव्या वर्षीही संघात राहू शकतो. नेब्रास्का विद्यापीठातील वॉरन आल्फसन या खेळाडूने १९३७ मध्ये असेच एक वर्ष थांबण्याची विनंती केली आणि सरावाला तो लाल शर्ट घालून येत असे, म्हणून हे नाव पडले, असे सांगितले जाते. २०१८ पासून नियम थोडा सैल झाला असून चार सामन्यांपर्यंत खेळूनही ते वर्ष वाचवता येते. गेममध्येही हीच सवलत आहे, त्यामुळे दुबळ्या प्रतिस्पर्ध्याविरुद्धच्या सामन्यांत नव्या मुलांना थोडा वेळ देऊन पाहता येते.

आपल्या मुलाला मात्र माझ्यातर्फे एक गोष्ट सांगावी. सर्वांत आवडत्या, सर्वांत तयार खेळाडूला रेडशर्ट करणे बहुतेक वेळा तोट्याचे ठरते. हायस्कूल संपून तीन वर्षे झाली की खेळाडू व्यावसायिक फुटबॉलच्या ड्राफ्टसाठी, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीसाठी, पात्र होतो, आणि असामान्य खेळाडू तेव्हाच निघून जातो. पहिले वर्ष त्याला बसवले, तर आपल्याला पाच नव्हे, दोनच वर्षे मिळतात. रेडशर्टचा खरा उपयोग सावकाश वाढणाऱ्यांसाठी आहे. पुढच्या रांगेत, म्हणजे लाइनमध्ये, उभे राहणारे धिप्पाड पण कच्चे खेळाडू, तिसऱ्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा सूत्रधार) आणि ज्यांच्या विकासाची गती ‘नॉर्मल’ किंवा ‘इम्पॅक्ट’ आहे अशांना ते वर्ष द्यावे. ‘स्टार’ आणि ‘एलिट’ गतीची मुले पहिल्याच वर्षी मैदानावर दिसली तरी चालतील.

प्रश्न : सॅन होजे येथून लिहीत आहे. माझ्या संघाची राखीव फळी दरवर्षी उत्तम असते आणि दरवर्षी मोसम संपला की तिच्यातले सात-आठ जण ट्रान्सफर पोर्टलमधून (विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या नोंदणीतून) निघून जातात. इतके कष्ट करून जमवलेली मुले दुसऱ्यांच्या संघात खेळताना पाहवत नाहीत. गेममध्ये काही दोष आहे काय?

उत्तर : आपले दुःख मी पुरते समजू शकतो, कारण ज्यांनी हा प्रकार मनापासून खेळला आहे त्या प्रत्येकाने ते भोगले आहे. परंतु हा गेमचा दोष नव्हे. खऱ्या कॉलेज फुटबॉलमध्ये हेच घडत आहे. पोर्टल ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू झाले. २०२१ मध्ये खेळाडूंना एकदा विद्यापीठ बदलून लगेच खेळण्याची मुभा मिळाली, आणि २०२४ मध्ये अभ्यासाच्या अटी पाळणाऱ्यांसाठी कितीही वेळा बदलण्याची. पूर्वी दुसऱ्या क्रमांकाचा खेळाडू आपली पाळी येईपर्यंत थांबे, कारण निघून गेल्यास एक वर्ष बसून राहावे लागे. आता त्याला थांबवणारे काही उरलेले नाही.

उपाय पोर्टल उघडल्यानंतर सापडत नाही. तो दोन वर्षे आधी, भरतीच्या वेळी करायचा असतो. आपल्या राखीव फळीतील प्रत्येक खेळाडूची निर्णायक अट कोणती आहे, ते एकदा यादी उघडून पाहा. माझा अंदाज असा, की निघून गेलेल्यांपैकी बहुतेकांची अट मैदानावर मिळणारा वेळ ही असेल. आपण एकाच जागेवर चार चांगले खेळाडू जमवले की त्या जागेवरची ती श्रेणी आपोआप घसरते. म्हणजे राखीव फळी जितकी भक्कम, तितकी ती टिकवणे अवघड, असा पेच येथे आहे, आणि या गेममधील भरतीचा सर्वांत सखोल भाग मला हाच वाटतो.

यातून मार्ग असा काढावा. ज्याची अट मैदानावरील वेळेची आहे, त्याला अशाच जागेसाठी घ्यावे जिथे तो दुसऱ्या वर्षापर्यंत खरोखर पहिल्या फळीत येईल. तो मुलगा गुणवान असला तरी साठवून ठेवण्यासाठी घेऊ नये. ते त्याच्यावरही अन्यायाचे आहे. मागच्या फळीसाठी अशी मुले शोधावीत, ज्यांची अट आपल्या जय-पराजयावर किंवा संघातील गर्दीवर हेलकावे खात नाही. घरापासूनचे अंतर हे त्याचे सर्वांत चांगले उदाहरण आहे. घराजवळ राहायचे म्हणून आलेला मुलगा आपण चार सामने हरलो म्हणून अस्वस्थ होत नाही. याउलट विजेतेपदाची शक्यता पाहून आलेला खेळाडू एका वाईट मोसमानंतर सामान बांधू शकतो, आणि प्रशिक्षकाच्या स्थैर्यावर विसंबून आलेला, प्रशिक्षक म्हणून आपल्या कराराचे शेवटचे वर्ष सुरू झाले की डगमगू लागतो.

मोसम संपल्यावर जाऊ पाहणाऱ्यांची समजूत घालण्याची संधी गेम देतो. ती सर्वांसाठी वापरता येत नाही, म्हणून मोह आवरावा. मी ती लाइनमधल्या तिसऱ्या वर्षाच्या खेळाडूंसाठी राखतो, कारण त्यांची जागा नवख्याने भरून निघत नाही. जाणारा पाचवा रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा) कितीही वेगवान असो, त्याला जाऊ द्यावे.

प्रश्न : पुण्याहून लिहितो. शिक्षणासाठी ओहायोतील कोलंबसला असताना या खेळाची गोडी लागली. ८५ जागांपैकी कोणत्या जागेवर किती खेळाडू ठेवावेत, याचे काही प्रमाण आहे काय?

उत्तर : नियम नाही, पण माझी वाटणी सांगतो. क्वार्टरबॅक ४, रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारे) ५, वाइड रिसीव्हर १०, टाइट एंड (अडवणारे आणि झेलणारेही) ५, ऑफेन्सिव्ह लाइन १६, डिफेन्सिव्ह लाइन १५, तिच्यामागचे लाइनबॅकर १०, सर्वांत मागे बचाव करणारे कॉर्नरबॅक ९ व सेफ्टी ८, आणि लाथेने चेंडू मारणारे दोघे. हे ८४ झाले. उरलेली एक जागा मी ‘अ‍ॅथलीट’ म्हणून येणाऱ्या, कोठेही बसवता येणाऱ्या मुलासाठी ठेवतो. आपण चेंडू फेकण्यावर भर देत असाल, तर रनिंग बॅक एक कमी करून रिसीव्हर वाढवावा.

खरे लक्ष द्यायला हवे ते ऑफेन्सिव्ह लाइनकडे, आणि तिथेच बहुतेक जण हात राखतात. क्वार्टरबॅकपुढे उभी राहणारी ही पाच जणांची भिंत आहे. तिचे आकडे कोणी पाहत नाही, तिच्या नावावर गुण नोंदले जात नाहीत. मी ओहायोतील टोलेडो विद्यापीठाचा संघ चालवत असताना दुसऱ्या मोसमात माझा लेफ्ट टॅकल (या भिंतीच्या डाव्या टोकाचा खेळाडू) आठव्या सामन्यात जायबंदी झाला. त्याच्यामागे पहिल्या वर्षाचा एक मुलगा होता, ज्याला मी केवळ संख्या भरावी म्हणून घेतले होते. टोलेडो ज्या मिड-अमेरिकन परिषदेत आहे, तिचे नोव्हेंबरमधले सामने आठवड्याच्या मधल्या रात्री होतात. त्या तीन रात्रींत माझ्या क्वार्टरबॅकला चेंडू फेकायला सवडच मिळाली नाही, आणि तीनही सामने हातचे गेले. क्वार्टरबॅक तोच होता, रिसीव्हर तेच होते. त्यानंतर मी दरवर्षी किमान चार लाइनमन घेतल्याशिवाय भरती संपवलेली नाही.

दुसरे लक्ष रनिंग बॅककडे असावे. या गेममध्ये प्रत्येक धडकेचा परिणाम शरीराच्या त्या त्या भागावर साचत जातो आणि खेळाडूची क्षमता सामन्यागणिक उतरत जाते. एकाच धावपटूकडून सामन्यात तीस वेळा चेंडू नेववलात, तर ऑक्टोबरअखेर तो अर्धा उरतो. दोघांमध्ये काम वाटावे आणि तिसऱ्याला तयार ठेवावे.

जागा बदलूनही पुष्कळ साधते. टॅकल म्हणून कमी पडणारा खेळाडू लाइनमध्ये आतल्या बाजूला, गार्ड म्हणून, चांगला ठरतो, थोडा संथ सेफ्टी लाइनबॅकर होऊ शकतो. मोसमापूर्वी अशा बदलांसाठी दिलेल्या टप्प्यात प्रत्येक जण दुसऱ्या जागेवर किती गुणांचा दिसतो हे तपासण्यास अर्धा तास लागतो, आणि त्या अर्ध्या तासात दोन-तीन राखीव खेळाडू फुकट मिळतात.

प्रश्न : खऱ्या कॉलेज फुटबॉलमध्ये आता १०५ खेळाडूंची मर्यादा आहे, असे ह्यूस्टनमधील माझे सहकारी सांगतात. मग गेममध्ये ८५ कसे?

उत्तर : ८५ ही शिष्यवृत्ती देता येणाऱ्या खेळाडूंची जुनी मर्यादा आहे. तिच्याबाहेर विनाशिष्यवृत्ती खेळणारी मुलेही प्रत्यक्षात संघाबरोबर असत. कॉलेज खेळाडूंच्या मोबदल्याविषयीच्या ‘हाउस’ खटल्यातील तडजोडीला न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी ६ जून २०२५ रोजी मंजुरी दिली. तडजोड स्वीकारणाऱ्या विद्यापीठांसाठी शिष्यवृत्तीची ही मर्यादा गेली आणि तिच्या जागी एकूण १०५ खेळाडूंची मर्यादा आली. ‘कॉलेज फुटबॉल २५’ त्याआधीच्या वर्षाचा आहे. गेम खेळणाऱ्याच्या दृष्टीने ८५ ही अडचण नसून शिस्त आहे, असे माझे मत आहे. वीस जागा वाढल्या, तर कोणाला घ्यावे हा प्रश्नच पुष्कळसा सैल होईल.

प्रश्न : फ्रीमाँटहून विचारतो. भरतीच्या यादीतल्या मुलांना सामना पाहायला विद्यापीठात बोलावतो, त्या भेटी एकाच सामन्याला ठेवाव्यात की वेगवेगळ्या?

उत्तर : परस्परपूरक जागांवरची मुले एकत्र बोलवावीत. क्वार्टरबॅक आणि रिसीव्हर एकाच आठवड्यात आले, तर दोघांवरही चांगला परिणाम होतो. एकाच जागेवरची दोन मुले मात्र कधीही एकत्र बोलावू नयेत, कारण आपल्या वाट्याच्या जागेवर दुसरा उमेदवार आहे हे त्यांना दिसते. सामना जिंकण्याची खात्री असेल असाच घरचा आठवडा निवडावा. बलाढ्य प्रतिस्पर्ध्याविरुद्धचा मोठा सामना मोहात पाडतो, पण पाहुण्यांसमोर पराभव झाला तर सारी मेहनत पाण्यात जाते.

प्रश्न : माझ्या डायनेस्टीचा तिसरा मोसम संपला. क्वार्टरबॅक आणि लाइनमधले चौघे पदवी घेऊन गेले, मागे कोणी तयार नाही. हे सोडून नव्याने सुरुवात करावी असे वाटते. (बृहन्मुंबईतील एक वाचक)

उत्तर : नव्याने सुरुवात करू नका. केलीत, तर आणखी तीन मोसमांनी पुन्हा येथेच याल, कारण भरतीची सवय तीच राहील. आज रात्री संघाची यादी जागांनुसार न पाहता वर्षांनुसार मांडा. कागदावर चार रकाने करा आणि प्रत्येक जागेखाली पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या वर्षाचे किती आहेत ते लिहा. लाइनच्या ओळीत तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाचे रकाने रिकामे दिसतील.

मोसमानंतर पोर्टलमधील भरतीसाठी चार आठवडे मिळतात. त्यांतले बहुतांश तास या रिकाम्या रकान्यांसाठी वापरा. तिसऱ्या वर्षाचे दोन टॅकल आणि एक सेंटर (लाइनच्या मधला खेळाडू) मिळाले तरी पुरे, मग त्यांचे गुण थोडे कमी असले तरी चालतील. पोर्टलमध्ये पहिल्या वर्षाचा चमकदार रिसीव्हर दिसेल. त्याला घेऊ नका. त्या रकान्यात आपल्याकडे आधीच माणसे आहेत. क्वार्टरबॅकसाठी शेवटच्या वर्षातला अनुभवी खेळाडू आणा आणि त्याच्यामागे हायस्कूलमधून आलेल्या मुलाला रेडशर्ट करा. संख्या ८५ वर आणताना कमी गुणांचे म्हणून पहिल्या वर्षाचे लाइनमन कापू नका. शेवटच्या वर्षातला चौथा सेफ्टी कापा.

येत्या मोसमात सहा विजय मिळाले, तरी समाधान माना आणि नोव्हेंबरमधले शेवटचे तीन सामने दुसऱ्या वर्षाच्या लाइनमनना खेळवा. चौथ्या मोसमाच्या पहिल्या सामन्यात लेफ्ट टॅकलच्या जागी कोण उभा होता, ते मला अवश्य कळवा.